सर्जन वॉर्डात घडतो

बारावी झाल्यापासून स्वतःच्या जबाबदारीवर पहिल्यांदा रुग्णाचं पोट उघडेपर्यंत साधारण दहा वर्षं जातात. एमबीबीएसची साडेचार, इंटर्नशिपचं एक, नीट-पीजीच्या अभ्यासात आणि प्रवेशफेऱ्यांत जाणारं निदान एक, मग एमएस जनरल सर्जरीची तीन. शासकीय महाविद्यालयात शिकलात तर बंधपत्राची सेवाही असते. मेंदू, हृदय, मूत्रमार्ग, कर्करोग अशा एखाद्या शाखेत पुढे एमसीएच करायचं म्हटलं की आणखी तीन वर्षं. अठराव्या वर्षी निघालेला मुलगा किंवा मुलगी तिशी ओलांडल्यावर कुठे जरा स्थिरावते. तोवर शाळेतल्या मित्रमैत्रिणींची घरं झालेली असतात, मुलं बालवाडीत जायला लागलेली असतात.

एवढा काळ नुसत्या जिद्दीवर निघत नाही. रोजचं काम आवडलं तरच निघतो. आणि सर्जनचं रोजचं काम काय असतं याची बहुतेकांची कल्पना सिनेमातल्या ऑपरेशन थिएटरवर बेतलेली असते. शिकणारा सर्जन आठवड्यातले सगळ्यात जास्त तास वॉर्डात, ओपीडीत आणि कॅज्युअल्टीत घालवतो. ऑपरेशनआधी रुग्णाला तयार करणं आणि ऑपरेशननंतर त्याला घरी धाडेपर्यंत सांभाळणं, यात त्याची खरी जडणघडण होते. थिएटरमध्ये दिसतं ते या घडणीचं फळ. म्हणून या क्षेत्रात यायचं की नाही, कॉलेज कोणतं निवडायचं, पुढे शाखा कोणती घ्यायची, हे निर्णय वॉर्ड डोळ्यांपुढे ठेवून घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

प्रवेश

एमबीबीएसचा प्रवेश नीट-यूजी या एकाच परीक्षेवर ठरतो. परीक्षा ७२० गुणांची, त्यातले निम्मे म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली हवीत. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पण पुढची पुस्तकं इंग्रजीतच असल्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासून शास्त्राचे विषय इंग्रजीतून वाचायला लागावं. पहिलं वर्ष सरता सरता ही अडचण मागे पडते. उलट दुसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर खेड्यातून आलेल्या आजीशी तिच्या बोलीत बोलू शकणारा विद्यार्थी दुखण्याची हकीकत बाकीच्यांपेक्षा चांगली काढतो. ती त्याची जमेची बाजू असते.

राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलमार्फत भरल्या जातात. दोन्हीकडच्या नोंदणीच्या तारखा वेगळ्या असतात. त्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. जातीचे, अधिवासाचे, नॉन-क्रिमिलेअरचे दाखले निकालाआधीच काढून ठेवा.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, रुग्णालयातली गर्दी पाहा. मुंबईतलं जे. जे., केईएम, सायन, नायर, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी, मिरज, अंबाजोगाई, सेवाग्राम, गोव्यातलं बांबोळी, या ठिकाणी रुग्णांचा ओघ अखंड असतो. नावाजलेल्या शहरातलं पण खाटा रिकाम्या असलेलं महाविद्यालय आणि आडगावचं पण भरलेल्या वॉर्डांचं महाविद्यालय यांत निवड करायची वेळ आली, तर सर्जन होऊ पाहणाऱ्याने डोळे झाकून दुसरं घ्यावं. मात्र ठरवण्याआधी तिथे जाऊन या. सकाळी दहाला ओपीडीसमोर किती रांग आहे आणि दुपारी सर्जरीच्या वॉर्डात किती खाटांवर माणसं आहेत, हे कोणाला न विचारताही दिसतं.

पालकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेसाठी जमीन विकायचा विचार असेल, तर त्याच कागदावर एमएसच्या जागेचा खर्चही मांडा. सर्जन होण्यासाठी एमबीबीएस हा निम्माच रस्ता आहे, आणि पुढच्या निम्म्यात पुन्हा शासकीय जागा मिळेलच असं नाही. परदेशी शिकायला पाठवणार असाल तर परदेशी वैद्यकीय पदवीबद्दलचे २०२१ चे नियम वाचा. किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, आणि परतल्यावर ३०० पैकी १५० गुण मिळवून पास व्हायची एफएमजीई परीक्षा. दलालाला एकच प्रश्न विचारा. तिथल्या रुग्णांची भाषा कोणती, आणि विद्यार्थ्याला त्या रुग्णांना हात लावू देतात का? उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठा.

बीएएमएसनंतर शल्यतंत्रात एमएस करता येतं, तो मार्ग स्वतंत्र आहे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य या दोन विषयांत मिळून ५८ प्रक्रिया नावानिशी नमूद केल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. विद्यार्थ्याला मी एवढंच सांगतो की आयुर्वेद शिकायची ओढ असेल तरच तिकडे जा. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून गेलात, तर दोन्हीकडे मन रमणार नाही.

हात केव्हापासून तयार करायचे

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र असतं. विच्छेदनगृहात मुलं आठ-दहा जणांच्या घोळक्याने टेबलाभोवती उभी राहतात; दोघं काम करतात, बाकीची मोबाइल बघतात. सर्जन व्हायचं असेल तर त्या दोघांत असा. कोणीतरी मृत्यूनंतर स्वतःचा देह तुमच्यासाठी ठेवून गेलेला आहे. त्वचेखालच्या चरबीतून बारीक मज्जातंतू न तोडता वेगळा कसा काढायचा, हे बोटांना तिथे कळतं आणि ते व्हिडिओवरून कळत नाही. जांघेची रचना, मानेची रचना, पित्ताशयाभोवतालच्या रक्तवाहिन्या, एवढं तरी पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने उलगडून पाहा. हर्निया आणि थायरॉइड शिकताना पुढे त्याचा उपयोग होतो.

सराव ही आपल्याकडची फार जुनी शिस्त आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा आख्खा अध्याय आहे. भोपळा, काकडी अशा फळांवर छेद घ्यायचा, कापडावर आणि मऊ कातड्यावर शिवण घालायची, मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर वेध करायचा, आणि शास्त्र कितीही पाठ असलं तरी असा हात बसल्याशिवाय कामाला लायक समजायचं नाही, असं तिथे सांगितलं आहे. आजच्या विद्यार्थ्याने खुर्चीच्या हाताला रेशमी धागा बांधावा आणि एका हाताने गाठ मारायला शिकावं. आधी उजव्या, मग डाव्या. प्रत्येक फेरीत धाग्याची दिशा बदलली तरच चौकोनी गाठ बसते, नाहीतर ती सरकते. न बघता गाठ पडू लागली की हातमोजे घालून करा, मग मोजे ओले करून करा, मग खोल डब्याच्या तळाशी करा. पोटाच्या खोलीत रक्ताने निसरड्या बोटांनी बांधायची असते ती गाठ अशी तयार होते. टाके घालायला केळ्याची साल चांगली, कारण जास्त ओढलं की ती लगेच फाटते. कातडी किती नाजूकपणे धरायची ते तिथे समजतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइलचा कॅमेरा लावूनही करता येतो.

आपण या कामाला लायक नाही, असं काही मुलं फार लवकर ठरवून टाकतात. पहिल्या ऑपरेशनला चक्कर आली म्हणून कोणी मागे सरतं. उपाशीपोटी, बंद खोलीत, तासभर ताठ उभं राहिल्यावर भल्याभल्यांना घेरी येते. नाश्ता करून जा, गुडघे अधूनमधून सैल करा, अंधारी यायला लागली की निर्जंतुक टेबलापासून मागे होऊन खाली बसा. चार-सहा वेळांत हे जातं. चष्मा अडत नाही. डावखुरे सर्जन भरपूर आहेत, डाव्या हाताच्या कात्र्याही मिळतात. नव्या माणसाचा हात थोडा थरथरतोच; मनगट टेकवायला जागा शोधली आणि झोप नीट झाली की तो आटोक्यात येतो. जो अडसर खरा आहे तो दिसत नाही. जखमेचा वास, पू, उलटी, आतड्याची पिशवी यांची मनातून शिसारी असेल आणि दोन वर्षं वॉर्डात काढूनही ती कमी झाली नसेल, तर स्वतःशी प्रामाणिक राहा. वैद्यकात दुसरी कितीतरी चांगली कामं आहेत.

शेवटच्या वर्षाची परीक्षा ‘बेली अँड लव्ह’ आणि एस. दास यांच्या पुस्तकावर निघते. पण पुस्तक रात्री वाचा आणि संध्याकाळ सर्जरीच्या वॉर्डात घाला. सिस्टरना विचारून ड्रेसिंगला उभे राहा. वॉर्डातल्या मामांना आणि मावशींना पट्टी कशी सोडवायची, मांडी मोडलेल्या माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, हे वीस-वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत असतं. त्यांच्याकडून शिकायला लाजू नका. इंटर्नशिपमध्ये सर्जरीच्या पाळीत लघवीची नळी घालणं, नाकातून जठरात नळी सोडणं, शीर मिळवणं, गळू फोडून पू काढणं आणि साधी जखम शिवणं ही पाच कामं पक्की करा. बरीच मुलं या वर्षी नीट-पीजीची पुस्तकं घेऊन लायब्ररीत लपतात. चाळीस मार्क वाढतीलही, पण रेसिडेन्सीच्या पहिल्या रात्री ते मार्क उपयोगी पडत नाहीत.

कापण्याइतकंच मोजणं आणि जपणं किती महत्त्वाचं, यासाठी पुण्याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकीकत छापून आली. तो इंग्रजांच्या सैन्यात कामाला होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं, आणि इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पुढे युरोपात नाकाची शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली ती या हकीकतीमुळे. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव तिथे नोंदलेलं नाही, पण पद्धत बारकाईने दिली आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून हवा तो आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची, आणि मग शस्त्र उचलायचं. त्यानंतर वर्णन सरळ शुश्रूषेकडे वळतं. पहिले चार दिवस कातात भिजवलेल्या पट्ट्या, मग तुपाच्या पट्ट्या, पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं झोपायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे, आणि जवळजवळ पंचविसाव्या दिवशी कपाळाशी राहिलेला कातडीचा दुवा तोडायचा. कापण्यापेक्षा मोजणं आणि जपणं यालाच तिथे जास्त जागा आहे. खरं काम त्यातच असतं, हे दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

रेसिडेन्सी

नीट-पीजी ही २०० प्रश्नांची, ८०० गुणांची परीक्षा. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुदुच्चेरीचं जिपमर यांसारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी वेगळी. जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी, दोन्ही तीन वर्षांचे. अस्थिरोग, कान-नाक-घसा, नेत्रशल्य, स्त्रीरोग हेही एमबीबीएसनंतर थेट मिळणारे शस्त्रक्रियेचेच विषय आहेत, हे मुलं विसरतात. आपल्याला न्यूरोसर्जरी, हृदयशल्य, प्लास्टिक किंवा बालशल्यच करायचं आहे असं आधीच पक्कं असेल, तर डीआरएनबीचे सहा वर्षांचे थेट अभ्यासक्रम आहेत. माझं मत असं की बहुतेकांनी आधी जनरल सर्जरी करावी. सगळं पोट, सगळी अपघाताची रात्र एकदा अंगावर घेतल्याशिवाय आपल्याला कोणता अवयव आवडतो हे कळत नाही.

जागा निवडायची वेळ आली की तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि चहावर बसवून विचारा. पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने काय काय करू देतात? तिसऱ्या वर्षाअखेर अपेंडिक्स, हर्निया, आतड्याची जोडणी स्वतः केलेली असते का? ऑपरेशन करताना वरिष्ठ समोर उभे असतात की खोलीत बसलेले? मृत्यूंवर दर आठवड्याला किंवा महिन्याला बैठक होते का, आणि तिथे खरं बोलता येतं का? मोठ्या शहरातल्या काही नामांकित रुग्णालयांत तीन वर्षं केवळ रिट्रॅक्टर धरून जातात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हात भरपूर चालतो पण चुकलं तर दाखवून द्यायला कोणी नसतं. या दोन्ही टोकांच्या मधली जागा शोधा. नव्या नियमांप्रमाणे तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ती शिक्षा समजू नका. मोजक्या साधनांत काम कसं उरकतात हे तिथे दिसतं.

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा दिवस पहाटे सुरू होतो. राऊंडच्या आधी प्रत्येक खाटेपाशी जाऊन नाडी, ताप, लघवीचं माप, नळीतून आलेल्या स्रावाचा रंग, काल रात्रीच्या तक्रारी हे सगळं टिपायचं. हे कारकुनी काम वाटतं, आणि इथेच सर्जन तयार होतो. एक उदाहरण जवळून बघा. आतड्याचा सडलेला तुकडा काढून दोन टोकं जोडलेला रुग्ण आहे. आज पाचवा दिवस. टाके कोरडे, ताप नाही, नातेवाईक खूश. नाडी मात्र काल ८८ होती, आज ११६ आहे. रात्रभरात लघवी थोडी कमी झालीय. माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, काही दुखत नाही, पण बरं वाटत नाही.’ पोट अजून मऊ आहे. आळशी रेसिडेंट कागदावर ‘ठीक’ लिहून पुढे जातो. जागरूक रेसिडेंट तिथेच थांबतो, कारण जोड गळायला लागली की पोट कडक होण्याच्या कितीतरी आधी नाडी बोलते. तो वरिष्ठांना फोन करतो, रक्त पाठवतो, सीटी स्कॅनची तयारी करतो. या काही तासांवर तो माणूस घरी जातो की आयसीयूत, हे बऱ्याचदा ठरतं. जोड गळताना नाडी आधी वाढते, हे पुस्तकातलं वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. चाळीस खाटांच्या वॉर्डात, रात्रपाळी संपवून, सकाळी सहाला ते आठवणं हे कौशल्य आहे.

थिएटरमध्येही हाच स्वभाव कामी येतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हे आज सगळ्यात जास्त होणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक. पित्ताशयाच्या नळीला क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी दिसायलाच हव्यात. त्या नळीच्या आणि यकृताच्या मधल्या त्रिकोणी जागेतली चरबी आणि धागे साफ झालेले. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलेला. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी. सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयात हे दिसत नाही, आणि मुख्य पित्तनलिकाच नळी समजून कापली जाण्याचा धोका असतो. ती कापली गेली तर त्या माणसाचं पुढचं आयुष्य मोठमोठ्या ऑपरेशनांत जाऊ शकतं. असं दृश्य मिळत नसेल तर थांबायचं, वरिष्ठांना बोलवायचं, पोट उघडायचं, किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून सुरक्षित बाहेर पडायचं. कोणत्या वरिष्ठांकडे शिकायचं हे ठरवताना ते किती वेगाने काम करतात ते विचारू नका. अशा वेळी ते थांबतात का, हे विचारा.

भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण टेबलावरून हलवण्याआधी मोठ्याने वाचायची एक यादी असते. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या या यादीची चाचणी आठ शहरांत झाली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. रुग्णाचं नाव, बाजू उजवी की डावी, ॲलर्जी, रक्ताची सोय, शेवटी कापसाची नि सुयांची मोजणी, असे साधे प्रश्न. हे नुसतं सही करून उरकण्याची पद्धत ज्या थिएटरमध्ये असेल, तिथेही तुम्ही मोठ्याने वाचा.

स्वतःला सांभाळणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. हेपटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस वॉर्डात पाय ठेवण्याआधी घ्या आणि प्रतिपिंडं तपासून घ्या. सुई टोचली तर लपवू नका. लगेच साबण-पाण्याने धुवा, नोंद करा. एचआयव्हीचा धोका असेल तर गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, ७२ तासांच्या आत सुरू झाल्याच पाहिजेत, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायच्या. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत वाजवी तास आणि आठवड्याची सुट्टी लिहिलेली आहे, कामाच्या निकडीची अट घालून. प्रत्यक्षात सर्जरीच्या पहिल्या वर्षी ही अटच जास्त वापरली जाते. हे बदलायला हवं, आणि ते बदलण्यासाठी बोलणाऱ्या रेसिडेंट मुलांच्या पाठीशी शिक्षकांनी उभं राहायला हवं. सलग जागणं आणि अपमान सोसणं म्हणजे कणखरपणा, हा समज मला घातक वाटतो. दमलेल्या माणसाच्या हातून रुग्णाला इजा होते. वरिष्ठांकडून छळ होत असेल तर लेखी तक्रार करा, घरी सांगा. मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि डॉक्टरांनी तो वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

मुलींना अजूनही सांगतात की सर्जरी नको, स्त्रीरोग घे, त्वचारोग घे, संसार सांभाळता येईल. वॉर्डातली माझी पाहणी निराळी आहे. नोंदी ठेवणं, नातेवाइकांशी बोलणं, चौथ्या तासाला पुन्हा खाटेपाशी जाणं, यांत मुली कुठेच कमी पडत नाहीत, आणि हात तर सरावाने दोघांचेही बसतात. ज्या युनिटमध्ये आधीपासून बाई सर्जन प्राध्यापक आहेत तिथे जागा मिळाली तर जरूर घ्या. बाळंतपणाची रजा मागताना तिथे कोणी डोळे वटारत नाही. घरच्यांनीही मुलीच्या लग्नाची घाई तिच्या एमएसच्या तीन वर्षांत करू नये.

नातेवाइकांशी बोलणं हे कौशल्य अभ्यासक्रमात थोडंच शिकवतात. ऑपरेशनआधी, घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसाला आणि रुग्णालाही बसवून सांगा. काय करणार, काय बिघडू शकतं, केलं नाही तर काय होईल, किती दिवस लागतील. मराठीत, साध्या शब्दांत. संमतीपत्रावरची सही नंतर घ्या, आधी नव्हे. काही बिघडलं तर सगळ्यात आधी स्वतः जाऊन सांगा, ज्युनियरला पाठवू नका. रुग्णालयांत होणाऱ्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तो हवाच. पण रात्री दोन वाजता बाहेर येऊन खरं काय घडलं ते सांगणाऱ्या सर्जनवर हात उचलण्याचे प्रसंग कमी येतात, हे मी अनेक वर्षं पाहतो आहे.

शिकून झाल्यावर

बंधपत्राची सेवा अनेकांना वाया गेलेलं वर्ष वाटते. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मिळालेल्या त्या वर्षाकडे पहिली स्वतंत्र प्रॅक्टिस म्हणून पाहा. वरिष्ठ शेजारी नसताना कोणता रुग्ण ठेवायचा आणि कोणता लगेच जिल्ह्याला पाठवायचा, हे तिथे शिकता येतं आणि पगारही मिळतो. एमसीएच करायचं असेल तर नीट-एसएसचा अभ्यास याच वर्षात होतो. त्यासाठी परळचं टाटा रुग्णालय किंवा असंच एखादं मोठं केंद्र मिळालं तर उत्तम. पण सगळ्यांनी सुपरस्पेशालिस्ट व्हायची गरज नाही. तालुक्याच्या गावी हर्निया, अपेंडिक्स, अंडवृद्धी, मधुमेही पायाच्या जखमा, अपघात हे काम भरपूर आहे, आणि चांगला जनरल सर्जन नसेल तर हीच माणसं शंभर किलोमीटर गाडी करून शहरात जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाची नोंद झाली तर गरीब रुग्णालाही पैशासाठी परत पाठवावं लागत नाही. मात्र कागदपत्रं वेळच्या वेळी करणारा एक माणूस ठेवा, नाहीतर दावे अडकतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट गुण लागतात. ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

गाव निवडताना लोकसंख्येच्या आधी चार गोष्टी बघा. रात्री बोलावल्यावर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतो, रक्त किती अंतरावरून येतं, रात्रपाळीला नाडी मोजून नोंद ठेवणारी सिस्टर मिळेल का, आणि आयसीयू असलेलं जवळचं रुग्णालय तुमचा रुग्ण न कुरकुरता घेईल का. चारांपैकी दोनच जुळत असतील तर मोठी ऑपरेशनं तिथे सुरू करू नका. साधी करा आणि बाकीची सोय हळूहळू उभी करा. जुन्या युनिटमधल्या सरांचा फोन हाताशी ठेवा आणि अडलं की लाजू नका. आणि आतड्याच्या जोडणीसारखी कामं सुरुवातीची काही वर्षं सोमवार-मंगळवारीच घ्या, पुढचा आठवडाभर गाव सोडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी नाडी वाढली तर ती बघायला तुम्ही स्वतः तिथे असायला हवं.